जहाजावरचा प्याला आणि पाड्यावरचे मडके

कायदा सर्वांस सारखा असावा हे तत्त्व ऐकावयास गोड लागते आणि कोणत्याही सभेत ते बोलून दाखविले असता टाळ्या मिळतात. परंतु एखादा कायदा खरोखर सारखा आहे किंवा नाही याची परीक्षा करावयाची असेल, तर त्याची मूळ आज्ञा काय आहे एवढे पाहून भागत नाही. त्या आज्ञेतून कोणास सूट मिळाली आणि कोणास मिळाली नाही, हे पाहावे लागते. आज्ञा सर्वांकरिता असते, सूट मात्र निवडक लोकांकरिता असते. आपल्या राज्यातील दारूबंदीचा कायदा या कसोटीस लावून पाहिला म्हणजे एक चमत्कारिक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच्या एका टोकास मुंबई बंदरातून निघणारे उतारूंचे जहाज आहे आणि दुसऱ्या टोकास जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातील एखाद्या पाड्यावरचे मातीचे मडके आहे. या दोहोंस एकाच कायद्याची कलमे लागू होतात, पण पहिल्याच्या वाट्यास परवाना येतो व दुसऱ्याच्या वाट्यास पंचनामा! हा भेद न्यायाचा आहे काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम कायद्याचा जन्म कसा झाला ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मुंबई इलाख्यात १९३७ साली पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले, आणि आबकारी खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. पुढे महायुद्ध आले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला व १९५० च्या एप्रिलापासून सर्व प्रांतात संपूर्ण दारूबंदी पुकारण्यात आली. याच सुमारास, म्हणजे १९४८ साली, जव्हारचे संस्थान प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले होते. त्यामुळे मुकणे राजघराण्याची प्रजा जेव्हा नव्या राज्याची नागरिक झाली, तेव्हा तिला लागू झालेल्या पहिल्या मोठ्या कायद्यांपैकी हा एक होता.

या कायद्याने मद्य तयार करणे, बाळगणे, विकणे व पिणे हे सर्वच गुन्हे ठरविले. तथापि त्याच कायद्यात जहाज कंपन्यांस व जहाजांच्या कप्तानांस परवाने देण्याची तरतूद स्वतंत्रपणे करून ठेवलेली होती. मालवाहू जहाजे, युद्धनौका, सैन्य वाहून नेणाऱ्या नौका आणि लष्करी व आरमारी भोजनगृहे यांत विदेशी मद्य पिण्याची परवानगी देण्याचा अधिकारही सरकारने आपल्या हाती राखला होता. परदेशांतून आलेले पाहुणे व परदेशी राज्यांचे प्रतिनिधी यांच्याकरिता निराळी कलमे होती. मुंबईचे एक नागरिक श्री. बलसारा यांनी या कायद्यास न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा या सवलतींवरही रण माजले. कायद्यापुढे सर्व समान असतील तर खलाशास व शिपायास एक न्याय आणि सामान्य गृहस्थास दुसरा, हे कसे, असा प्रश्न विचारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. औषधी व सुगंधी पदार्थांपुरती काही कलमे त्याने रद्द केली. दारूबंदीचा गाभा व बहुतेक सवलती मात्र कायम ठेविल्या. निरनिराळ्या परिस्थितीतील लोकांचे वाजवी कारणाने निरनिराळे वर्ग पाडल्यास समतेचा भंग होत नाही, हे त्या निकालाचे सार होय.

हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. समुद्रावर महिनोन्‌महिने काढणाऱ्या खलाशाची परिस्थिती निराळी आहे, हे कोणीही कबूल करील. परंतु एकदा परिस्थितीनुसार वर्ग पाडावयाचे ठरले, म्हणजे डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, मोहाच्या झाडास देव मानणाऱ्या आणि लग्नात व पितरांच्या पूजेत त्या फुलाच्या मद्याची धार जमिनीवर सोडणाऱ्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी लोकांची परिस्थितीही निराळी आहे, हे १९४९ साली कोणाच्याच ध्यानात कसे आले नाही? जहाजावरील माणसाकरिता कायद्याने लेखणी उचलली. डोंगरातील माणसाकरिता तिने शाईसुद्धा खर्च केली नाही.

आता जहाजाची व्यवस्था आज कशी चालते ते पाहू, कारण तीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परदेशी जाणाऱ्या जहाजावर जो शिधा व जे मद्य भरलेले असते, त्यास १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे 'जहाजाचा साठा' म्हणतात, आणि जहाज परदेशगामी आहे तोपर्यंत त्या साठ्याचा उपभोग जहाजावर जकात न भरता घेता येतो. तेच जहाज जर मुंबईहून गोव्यास, म्हणजे किनाऱ्या-किनाऱ्यानेच जाणारे असेल, तर ही सवलत उरत नाही. तेथे जकात द्यावी लागते आणि राज्याचा अबकारी परवानाही घ्यावा लागतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या देशाच्या हद्दीत मोडतो, हे १९७६ च्या कायद्याने ठरविलेले आहे. मुंबई व गोवा यांच्या दरम्यान २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' नावाचे सहलीचे जहाज सुरू झाले व १९९० नंतर थंडावलेल्या किनारी प्रवासाची पुन्हा चर्चा झाली, तेव्हा हे सर्व नियम पुन्हा लोकांच्या कानी आले. यातील मुख्य गोष्ट ही की, जहाजावर मद्य कोणत्या खोलीत ठेवावयाचे, त्याची नोंद कोणी करावयाची, कोणास द्यावयाचे व कोणास नाही, या सर्वांस एक जबाबदार मनुष्य असतो. तो म्हणजे कप्तान. गैरप्रकार झाल्यास सरकार त्याचा हात धरते. परवाना म्हणजे मोकळीक नव्हे. परवाना म्हणजे जबाबदारीने बांधलेली मोकळीक होय.

आता किनारा सोडून घाट चढून वर या. जव्हार हे पालघर जिल्ह्यातील थंड हवेचे गाव. पूर्वी संस्थानाची राजधानी. मोखाडा हा ब्रिटिश अमलात शहापूर तालुक्याचा पेटा होता. दोन्ही तालुके आज संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतात, आणि दोहोंतील बहुसंख्य वस्ती आदिवासींची आहे. पावसाळ्यात येथे पाणी धो-धो कोसळते व उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन मैलोगणती चालतात. नाचणी, वरई व भात एवढी शेती. दिवाळी झाली की पाड्यांवरील अर्धे लोक वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर भिवंडी, वसई, ठाण्याकडे जातात. अशा मुलुखात फाल्गुन-चैत्राच्या सुमारास मोहाचे झाड फुलते. पहाटे फुले गळून पडतात. बाया व पोरे अंधारातच टोपल्या घेऊन वेचावयास जातात. ती वाळवून ठेवली की पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत भाजून वा शिजवून खाता येतात, गुरांस घालता येतात, आणि बियांपासून तेल निघते. त्याच फुलांस पाण्यात आंबवून मडक्यात तापविले असता दारूही निघते. एका फुलाचे इतके उपयोग. पण कायद्याच्या दृष्टीस त्यांपैकी एकच दिसला, तो शेवटचा.

ही दृष्टी १९४९ साली उत्पन्न झाली असे नव्हे. मुंबई सरकारने १८७८ साली आबकारी कायदा करून गावोगावच्या भट्ट्या मोडल्या व दारू गाळण्याचा मक्ता ठराविक मोठ्या कारखान्यांकडे दिला. त्यामागे लोकांची व्यसने सुटावी हा हेतू नव्हता. तिजोरीत पडणारा कर बुडू नये हा होता. पाड्यावरील माणूस आपल्या झाडाखालची फुले वेचून घरीच दारू काढू लागला तर मक्तेदाराचे दुकान चालावयाचे कसे? म्हणून १८९२ साली ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा करण्यात आला व फुले बाळगण्यावर आणि त्यांच्या व्यापारावर निर्बंध आले. हे फूल गरिबांचे अन्न आहे, असे त्या काळी विरोधकांनी सरकारास सांगितले. सरकारने ते ऐकून घेतले व कायदा पास केला. जव्हारच्या सीमेशी इंग्रजी अंमल संपून संस्थानाचा सुरू होत असे. झाडे मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखीच फुलत होती. मोखाड्याच्या हद्दीत जे फूल संशयित, तेच चार पावलांवर निराळ्या अमलाखाली! सीमा कागदावर असते, भूक नसते.

परकी सरकारने हे केले, त्याचे आश्चर्य नाही. आश्चर्य याचे की, स्वराज्यातील १९४९ च्या कायद्याने हाच संशय जसाच्या तसा उचलला. मोहाची फुले बेकायदा बाळगणे, नेणे किंवा विकणे यांस शिक्षा सांगणारे कलम त्यात राहिले. पुढे १९६० च्या दशकात सरकारने दारूबंदी शिथिल करून शहरांत परवाने सुलभ केले. आज या कायद्याच्या नावात 'दारूबंदी' हा शब्द आहे आणि त्याच कायद्याखाली मद्याची दुकाने चालतात. नाममात्र शुल्क भरून पिण्याचा परवाना मिळतो. शहरातील प्याल्यावरचे निर्बंध असे एकेक करून सैल झाले, पण डोंगरातील फूल मात्र कायद्याच्या संशयातून सुटण्यास २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी राज्य सरकारने आदिवासींस मोहफुले गोळा करणे, साठविणे व वाहून नेणे यांवरील निर्बंध उठविण्याचा निर्णय केला. तत्पूर्वी एक तर फार मोठी विसंगती होती: १९९६ च्या पेसा कायद्याने व २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाची व वनवासींची म्हणून मान्य केली होती, म्हणजे फूल त्यांचे, पण ते घरात ठेविले तर गुन्हा त्यांचा!

याहूनही मौजेची गोष्ट २०२२ साली घडली. मोहाची फुले व काजूची बोंडे यांपासून काढलेल्या मद्यास 'विदेशी मद्य' या वर्गात घालण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. कर-आकारणीच्या सोयीकरिता हा शब्द वापरला जातो, हे आम्ही जाणतो. तरीही सह्याद्रीच्या कुशीतील झाडाचे फूल, ते वेचणारी वारली बाई आणि ते आंबविण्याची हजारो वर्षांची रीत, हे सर्व 'विदेशी' कोणत्या न्यायाने? उत्तर सरळ आहे. पाड्यावर गाळले तर गुन्हा, आणि भांडवलवाल्याच्या कारखान्यात गाळून सुंदर बाटलीत भरले तर विदेशी मद्य. ती बाटली उद्या एखाद्या सहलीच्या जहाजावर मोठ्या किमतीस विकली जाईल व पिणारा तिची तारीफ करील. त्या किमतीतून फूल वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडेल, हा प्रश्न मात्र कोणत्याही निर्णयात कोणी विचारलेला आम्हांस आढळला नाही.

येथे आमचे काही वाचक आम्हांस अडवून म्हणतील, "म्हणजे तुम्ही दारूचा पुरस्कार करता काय? आदिवासी दारूपायीच बुडाला. त्याला आणखी सवलत देऊन काय साधणार?" या आक्षेपास आम्ही स्पष्ट उत्तर देतो. दारूने या मुलुखाचा घात केला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. वीटभट्टीवर सहा महिने राबून आणलेली मजुरी घरी पोचण्यापूर्वीच आटते. बापाच्या व्यसनाची किंमत पोराच्या ताटातून वसूल होते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राची झोप उडविली होती. त्या मृत्यूंचे कारण भूक, रोग व सरकारी अनास्था हे होते. दारूच्या माथी सारा दोष मारून इतरांनी मोकळे होणे हा ढोंगीपणा ठरेल. पण ज्या घरात अन्न मुळातच अपुरे, त्या घरात दारूवर गेलेला प्रत्येक रुपया मुलाच्या तोंडून काढलेला असतो, हेही तितकेच खरे. आम्ही दारूचे मित्र नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जी गोष्ट वाईट म्हणून गरिबाच्या घरी बंद करावयाची, तीच गोष्ट श्रीमंताच्या सहलीत शोभेची मानावयाची, असा दुटप्पीपणा करून कोणासही व्यसनमुक्त करता येणार नाही. ज्याला आपल्यावर अन्याय होत आहे असे दिसते, तो उपदेश ऐकत नाही.

आणि आदिवासींस सुधारणेची इच्छाच नाही, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी याच भागाचा इतिहास पाहावा. १९२० नंतरच्या एक-दोन वर्षांत पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत देवी अंगात येण्याचे प्रकार सुरू झाले. देवीची आज्ञा लोकांच्या तोंडून बाहेर पडू लागली, आणि ही लाट डोंगरपट्टीतून उत्तरेकडे जाऊन १९२२ च्या अखेरीस सुरत जिल्ह्यातील हजारो आदिवासींपर्यंत पोचली. देवीच्या आज्ञा कोणत्या? दारू व ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराकडे पाऊल टाकू नका. कोणी सरकारी अधिकारी त्यांस सांगावयास गेला नव्हता. कोणा पुढाऱ्याचे व्याख्यान झाले नव्हते. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर एक मोठा ग्रंथच लिहिला आहे. दारूच्या दुकानाशी कर्ज बांधलेले असते व कर्जाशी गुलामगिरी, हे त्या निरक्षर लोकांस कोणी न शिकविता समजले होते. शहरात १८८० साली जोतीराव फुले यांनी पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लिहिले, १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने त्याच शहरात दुकानांपुढे निरोधन झाले. त्यांच्या पंक्तीस या किनाऱ्यावरील कोळ्यांस व डोंगरातील माणसांस बसविण्यास कोणासही संकोच वाटू नये.

आता खरे विष कोठे आहे, ते पाहू. कारण या ठिकाणी आमच्या व्यापारीबंधूंशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. फुलापासून काढलेली दारू अपायकारक खरी, पण जी दारू एका रात्रीत माणसे मारते ती निराळी. कारखान्यांत लागणारे मेथिल अल्कोहोल मद्यात मिसळले की डोळे जातात आणि प्राणही जातात. मुंबईतील मालवणी येथे २०१५ च्या जूनमध्ये अशा विषारी दारूने शंभराहून अधिक गरीब माणसे दगावली. डोंगरातही फुलाची जागा आता सडका गूळ व नवसागर यांनी घेतली आहे. कारण फूल वर्षातून एकदाच येते, आणि गूळ बाजारात बारमाही मिळतो. हा गूळ व नवसागर झाडाला लागत नाहीत; ते कोणाच्या तरी दुकानातून, कोणाच्या तरी वजनकाट्यावरून, कोणाच्या तरी वहीत उधारी म्हणून लिहून जातात. त्याचप्रमाणे दमण व दादरा-नगर हवेली येथे मद्यावरील कर कमी असल्याने तेथील माल चोरवाटांनी पालघर जिल्ह्यात येतो, हे पोलिसांच्या वारंवारच्या कारवायांवरून सर्वांस ठाऊक आहे. त्या गाड्या पाड्यावरील मनुष्याच्या मालकीच्या नसतात. पकडला जातो तो मडकेवाला, आणि गाडीवाला व गोदामवाला बहुधा नामानिराळे राहतात.

आमचे जव्हार-मोखाड्यातील व्यापारी सर्वच असे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. बहुसंख्य सचोटीने धंदा करतात. पण ज्या दुकानातून खाण्याच्या उपयोगाचा नाही असा गूळ पोत्यांनी जातो, त्याच्या मालकास तो कोठे जातो हे माहीत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? धर्मादाय पेटीत दान टाकणारा हात व नवसागर तोलणारा हात एकच असेल, तर त्या दानाने पुण्य लागत नाही. व्यापारी मंडळींनी एकत्र जमून, सडका गूळ विकावयाचा नाही व नवसागर अनोळखी वा संशयित गिऱ्हाइकास द्यावयाचा नाही, एवढा ठराव केला आणि पाळला, तरी जे काम शंभर धाडींनी होत नाही ते होईल. यात सरकारी परवानगीची जरूर नाही. फक्त दुकानदाराच्या मनाची आहे.

सरकारकडे वळावयाचे तर प्रथम महसुलाचा प्रश्न येतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढविले व त्यातून सुमारे १४,००० कोटी रुपयांचे अधिक उत्पन्न होईल असा अंदाज बांधला. ज्या कायद्याचे नाव दारूबंदी, त्याच कायद्याच्या खात्याकडे इतकी अपेक्षा लागली, म्हणजे ते खाते दारू कमी व्हावी अशी इच्छा मनापासून कशी करील? संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पदार्थांचे सेवन बंद करण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. ते कर्तव्य एका हातात व तिजोरीची किल्ली दुसऱ्या हातात, अशी आज सरकारची स्थिती आहे. निदान एवढे तरी व्हावे की, या उत्पन्नाचा काही ठरलेला हिस्सा व्यसनमुक्ती केंद्रे, पोषण आहार व रोजगार हमीची कामे यांकरिता अनुसूचित क्षेत्रांत खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब गावाच्या चावडीवर लागावा. रोजगार गावातच मिळाला तर वीटभट्टीची वाट धरावी लागणार नाही. आणि भट्टीवरील एकाकी, थकलेल्या माणसास गुत्त्याची वाट जितकी लवकर सापडते तितकी घरी, बायकामुलांत असलेल्यास सापडत नाही.

दुसरी गोष्ट, कायद्याने गावास दिलेली सत्ता गावाने वापरावी व सरकारने वापरू द्यावी. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस मादक पदार्थांची विक्री व सेवन बंद करण्याचा किंवा त्यांवर नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला आहे, आणि महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियमही केले. तसेच २००८ च्या आदेशान्वये एक चतुर्थांश स्त्री मतदारांनी मागणी केल्यास परवानाधारक दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते, आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी बंदीस कौल दिला तर दुकान बंद होते. 'आडवी बाटली' या नावाने हे मतदान महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. परंतु हे मत फक्त परवान्याच्या दुकानापुरते. विनापरवाना गुत्त्यास मतदान लागू नाही, तेथे पोलीसच पाहिजेत. म्हणून ग्रामसभेने ज्या गुत्त्याविषयी ठराव केला असेल, त्यावर ठरलेल्या मुदतीत कारवाई करणे व तिचा जबाब ग्रामसभेपुढे देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक करावे. याशिवाय बायकांचा ठराव म्हणजे कागदाचा तुकडा राहील.

तिसरी गोष्ट, विधी व पूजेपुरत्या घरगुती मद्याची. मध्यप्रदेश व छत्तीसगड येथे अनुसूचित जमातींस घरगुती उपयोगापुरते ठराविक मर्यादेत मद्य काढण्याची सवलत कायद्याने आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास केंद्र सरकारनेही आदिवासी भागांतील आबकारी धोरणाविषयी राज्यांस सूचना केल्या होत्या: तेथे व्यापारी दारूची दुकाने बंद करावीत, आणि परंपरागत घरगुती पेय व धंद्याची दारू यांत भेद करावा. महाराष्ट्राने हा भेद नीट केला पाहिजे. आमच्या मते ग्रामसभा ठरवील ते दिवस, ग्रामसभा ठरवील तेवढे प्रमाण, आणि विक्री मात्र सर्वथा निषिद्ध, असा नियम असावा. ज्या गावाने संपूर्ण बंदी ठरविली त्या गावात संपूर्ण बंदी. यात दारूस उत्तेजन नाही. पोलिसाच्या हातातील लाचेचे हत्यार काढून घेणे आहे. जेथे सर्वच बेकायदा असते, तेथे पूजेचे मडके व धंद्याचे पिंप यांतील फरक हप्त्यावर ठरतो.

चौथी गोष्ट, फुलाच्या किमतीची. २०२१ च्या निर्णयाने फूल मोकळे झाले खरे, पण बाजार मोकळा झाला नाही. फुले वेचणाऱ्या बाईस ताबडतोब रोख भाव देणारी खरेदी केंद्रे हंगामात पाड्यांजवळ उघडली पाहिजेत. नाही तर ती फुले मिठाच्या व तेलाच्या बदल्यात कवडीमोलाने जातील व पावसाळ्यात तीच तिला चढ्या भावाने घ्यावी लागतील. मोहफुलांचे लाडू, मुरंबा, सरबत असे पदार्थ करून विकणारे स्त्रियांचे बचत गट ठिकठिकाणी उभे राहत आहेत. जव्हारास सहलीकरिता येणाऱ्या मुंबई-नाशिकच्या पाहुण्यांस येथील व्यापाऱ्यांनी हे पदार्थ विकले, तर फुलाची कीर्ती दारूवाचूनही पसरेल.

येथवर आलो म्हणजे पुन्हा जहाजाची आठवण होते. जहाजावर मद्य असूनही अव्यवस्था होत नाही, याचे कारण तेथील उतारू डोंगरातील माणसापेक्षा अधिक सद्गुणी असतो हे नव्हे. कारण एवढेच की, तेथे नियम स्पष्ट आहेत, नोंद आहे आणि जबाबदार कप्तान आहे. पाड्याचा कप्तान कोण? कायद्यानेच सांगितले आहे: ग्रामसभा. तिच्या हाती सुकाणू देऊन पाहण्याचे धैर्य मात्र सरकारास अद्याप होत नाही. पालघर जिल्ह्याच्याच किनाऱ्यास, डहाणूजवळ वाढवण येथे, सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. स्थानिक मच्छीमारांचा त्यास असलेला विरोध हा स्वतंत्र विषय आहे. ते बंदर उभे राहिल्यावर जगाची मालवाहू जहाजे त्या किनाऱ्यास लागतील, आणि त्यांवरील खलाशांच्या प्याल्याकरिता १९४९ सालीच करून ठेवलेली तरतूद तयार असेल. तेथून वर, घाटाच्या माथ्यावर, पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन फुले वेचणारी बाई मात्र मागून कोणी शिपाई येत नाही ना म्हणून वळून पाहत असेल, तर त्या बंदराच्या वैभवाने आपली मान ताठ होणार नाही.

आमचे मागणे मोठे नाही. दारू वाईट असेल तर ती जहाजावरही वाईट आहे, आणि परिस्थितीनुसार सूट द्यावयाची असेल तर ती डोंगरासही मिळाली पाहिजे. या दोन वाक्यांपैकी कोणतेही एक सरकारने प्रामाणिकपणे स्वीकारावे. आणि सरकार विचार करीत असेल तोपर्यंत आमच्या वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या हाती तागडी आहे त्यांनी, आपल्या दुकानातील नवसागराचा डबा व गुळाची पोती यांकडे एकवार पाहावे. कायद्याची सुधारणा मुंबईत होईल तेव्हा होईल. तागडीची सुधारणा उद्या सकाळी दुकान उघडतानाच करता येते.